पहिल्यांदा राजधानी पाहणाऱ्यांस



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते जिनाच्या आवारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. व्याख्यानमालेचे चालक आमच्याकडे आले आणि प्रवासावर काही बोला म्हणाले, तेव्हा आम्हाला हसूच आले. आमचा सगळा प्रवास मोर्च्यांचा. गेलो, घोषणा दिल्या, निवेदन दिले, परत आलो. तरीही विषय स्वीकारला. त्याचे कारण एक लहानशी पुस्तिका.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा नोकरीनिमित्त डेन्मार्क देशाच्या राजधानीत, कोपनहेगन शहरात आहे. तो सुटीवर यवतमाळला आला तेव्हा त्याने आपल्या मोबाइलवरची छायाचित्रे आम्हाला दाखविली आणि त्या शहरी प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांसाठी छापलेली एक पुस्तिका कचेरीत बसून मराठीत वाचून दाखविली. समुद्राकाठी एका खडकावर बसलेली जलपरीची मूर्ती. ती १९१३ साली बसविली. उंची जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. सारे जग ती पाहायला येते आणि 'एवढीशीच?' असे म्हणून परत जाते. तिव्होली नावाची बाग १८४३ पासूनची, पाळणे आणि रोषणाईची. एक गोल मनोरा १६४२ सालचा. त्याला पायऱ्या नाहीत, आतून चढण फिरत फिरत वर जाते. आणि न्यूहाव्हन नावाचा एक कालवा, दोन्ही काठांना लाल-पिवळी घरे. हा कालवा सतराव्या शतकात स्वीडनच्या युद्धकैद्यांकडून खणून घेतला. हे ऐकल्यावर आमचे हमाल बंधू जरा पुढे सरकले. आता कोठे विषय त्यांच्या ओळखीचा झाला होता.

त्याच पुस्तिकेत, जलपरी आणि बाग यांच्याच रांगेत, आणखी एक स्थळ दिले आहे : कामगारांचे संग्रहालय. कामगार चळवळीने आपल्या सभांसाठी १८७९ साली बांधलेल्या इमारतीत ते आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कामगार कुटुंबाचे बिऱ्हाड तेथे जसेच्या तसे मांडून ठेवले आहे. खाटा, चूल, भांडी, सारे. परदेशचा पाहुणा राजवाडा पाहतो आणि मग तिकीट काढून हमालाची खोली पाहतो.

मुलगा वाचून थांबला. तेव्हा जिनात सरकी वाहणाऱ्या आमच्या एका बाई म्हणाल्या, "भाऊ, आपल्या राजधानीची असी पुस्तिका हाय का?"

पुस्तिका पुष्कळ आहेत हो. पण आपल्यासाठी लिहिलेली आम्हाला दिसली नाही. म्हणून आज ती तोंडाने सांगणार आहोत.

आपली राजधानी म्हणजे मुंबई. परंतु ती फार दिवसांची नव्हे. १९५६ पर्यंत यवतमाळची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते, हे या गावात सांगावयास नको. त्या वादात आज शिरत नाही. शिरलो तर मुंबई राहून जाईल. एवढेच म्हणतो की, ज्या शहराशी आपले नाते कागदोपत्री १९५६ चे, त्याच्याशी कापसाचे नाते त्यापूर्वी शंभर वर्षांचे आहे.

यवतमाळहून मुंबईला जाणे म्हणजे काय, हे आधी पाहू. धामणगाव किंवा बडनेरा गाठायचे आणि रात्रीची गाडी धरायची. वर्ध्याहून येणारी नवी रुंद लोहवाट २०२४ साली कळंबपर्यंत आली. त्याआधी आपल्या नशिबी होती ती शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर एकशे तेरा किलोमीटर, अरुंद रूळ, किलिक निक्सन कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढले. तीही बंद पडून काही वर्षे झाली. आमच्यापैकी पुष्कळांनी तिच्यातून फुकट प्रवास केला आहे. आता गाडीच राहिली नाही, तेव्हा कबुली द्यायला हरकत नाही. ती गाडी माणसांसाठी टाकलेली नव्हती, कापसाच्या गाठींसाठी टाकलेली होती. गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या, मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईच्या बंदरात जायच्या. म्हणजे आपण आज ज्या वाटेने मुंबईला जातो, ती वाट आपल्या कापसाने आपल्या आधी मळून ठेवलेली आहे. हे एक ध्यानात ठेवले की मुंबई पाहताना दबून जायला होत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही हंगामी जिन कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी मोर्चा घेऊन गेलो होतो. चाळीस माणसे, त्यांत चौदा स्त्रिया. चाळिसांपैकी तीस जणांनी मुंबई कधी पाहिलेली नव्हती. मोर्चेकऱ्याची मुंबई किती? गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरते आणि आझाद मैदान तेथून हाकेच्या अंतरावर. मैदानावर बसायचे, संध्याकाळी पुन्हा स्टेशनात. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे मुंबई पाहून आली म्हणतात, त्यांनी एक स्टेशन आणि एक मैदान पाहिलेले असते. दुसरे हजारो जातात ते ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर. त्यांची मुंबई म्हणजे दादरचा किनारा आणि शिवाजी पार्क. त्यांना आमचे इतकेच सांगणे असते की, जमल्यास हिंदू कॉलनीतले राजगृह बाहेरून तरी पाहून या. बाबासाहेबांनी ते घर बांधले ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. आम्ही वाचनालयाच्या बाकावर वाढलेले. आमचे पाय तेथे जरा जास्तच वेळ रेंगाळले.

त्या वेळी आमची परतीची गाडी दुसऱ्या रात्रीची होती. एका कामगार सभागृहात पथाऱ्या टाकल्या आणि अख्खा एक दिवस हाती आला. त्या दिवशी जे पाहिले तेच आता सांगतो.

आरंभ स्टेशनापासूनच करावा. गाडीतून उतरल्यावर माणूस पिशव्या मोजीत बाहेर पडतो आणि मागे वळून पाहत नाही. रस्ता ओलांडून उलट फिरून पाहावे. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकाराने ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी केली; २००४ साली ती जागतिक वारशात गेली. घुमटावर एक दगडी स्त्री उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताखाली चाक. ती म्हणे प्रगती. फाटकाच्या खांबांवर एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस वाघ : सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दोघे शेजारी बसलेले आहेत, परंतु भाडे कोणाच्या खिशात जात होते ते दगडावर कोरलेले नाही. भिंतींवरचे मोर, माकडे, पानेफुले लहान मुलांना दाखवावीत. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात या नक्षीकामाला लागलेला आहे. ही इमारत ज्या रेल्वे कंपनीची कचेरी होती, तिची पहिली गाडी १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला गेली, आणि १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले तेही १८५३ सालीच. योगायोग म्हणणाऱ्याने म्हणावा.

तेथून पायी चालत हुतात्मा चौक. पाण्याचे कारंजे १८६४ चे, त्याच्या शेजारचे स्मारक संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे. नोव्हेंबर १९५५ मध्ये याच भागात गोळ्या चालल्या. स्मारकात मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. आमच्या माणसांनी तेथे आपण होऊन चपला काढल्या. आम्ही काही सांगितले नव्हते.

आता राजाबाई मनोरा. विद्यापीठाच्या आवारातला हा घड्याळाचा मनोरा सुमारे दोनशे ऐंशी फूट उंच. समोरच्या ओव्हल मैदानावरून तो पुरता दिसतो. वर चढण्याचा हट्ट धरू नये. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चार वर्षांत अमाप पैसा केला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. त्यांनी मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव त्याला मिळाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला आणि उभा आहे. वरच्या अंगाला पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती आहेत. त्या मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्याच एका अभियंत्याने घडविल्या.

हे सगळे ऐकून आमच्यातले एक म्हातारे हमाल बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग विचारते झाले, "म्हंजे हे आपल्या कापसाचं हाय?" आम्ही म्हटले, सगळे नाही, गुजरातचाही होता, खानदेशाचाही होता. ते म्हणाले, "त्यातली एक तरी ईट आपली असंन." ती इमारत विटेची नसून दगडाची आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

मित्रहो, हा हिशेब भावनेचा वाटेल. परंतु यवतमाळ जिल्हा आज देशभर कापसापेक्षा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ओळखला जातो. ज्या कापसावर एक सबंध शहर चढले, तो पिकविणाऱ्याच्या घरी काय उरले, हा प्रश्न त्या मनोऱ्याखाली उभे राहून विचारण्यासारखा आहे. इतर ठिकाणी विचारला तर निवेदन होते.

गेटवेविषयी थोडक्यात. १९११ साली इंग्लंडचा राजा आला त्याच्या स्मरणार्थ हा दरवाजा. पण राजा आला तेव्हा दरवाजा नव्हताच, तो पुरा झाला १९२४ साली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैनिकांची शेवटची तुकडी याच दरवाज्यातून निघून गेली. ज्याच्या स्वागतासाठी बांधला त्याला निरोप देण्याच्या कामी आला. घारापुरीच्या लेण्यांना येथूनच बोटी सुटतात, जायला एक तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, हे आम्हाला तेथे पोचल्यावर कळले. तुम्ही आधीच लक्षात ठेवा.

आमचा बेत असा होता की दुपारी सर्वांना भायखळ्याला न्यायचे, तेथे राणीची बाग आणि शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवायचे. हे संग्रहालय १८७२ सालचे. त्यात निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या लहान लहान मातीच्या प्रतिकृती आहेत, त्या पाहण्यासारख्या. (बागेला आणि संग्रहालयाला बुधवारी सुटी.) आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा यारी तुटली, हत्ती खाली पडून फुटला. फुटला म्हणून वाचला. तुकडे जोडून पुढे येथे उभा केला.

परंतु बेत मोडला, आणि तो स्त्रियांनी मोडला. त्या म्हणाल्या, आम्हाला समुद्र पाहायचा आहे. आम्ही म्हटले, गेटवेला पाहिला की. त्या म्हणाल्या, तो नाही, पायात येतो तो. तेव्हा चौदा जणी गिरगाव चौपाटीला गेल्या, आणि आम्ही पुरुषांना घेऊन गिरणगावात. त्या दिवशी आम्हाला राग आला होता. आज वाटते, आपण तीस वर्षे माणसांना मागण्या मागायला शिकवतो आणि त्यांनी आपल्यापाशी समुद्र मागितला तर चिडतो, हे काही बरे नव्हे.

लालबाग-परळ पाहायला कोणतीही पुस्तिका पाहुण्याला सांगत नाही. आम्ही सांगतो. कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला चाती फिरू लागली. पुढे लाखो माणसे तेथे राबली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. आपण रविवारी सायंकाळी येथे निवांत व्याख्याने ऐकता, त्या सुटीचे मूळ त्या वस्तीत आहे. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले; १९३८ साली कामगारांच्या संपाचा हक्क आखडणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, तोही याच मातीत.

मग १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. दत्ता सामंतांविषयी मतभेद आहेत, आम्हालाही आहेत. संप हरला हे खरे, पण आजही कित्येक जण तो कामगारांच्या आडमुठेपणाची गोष्ट म्हणून सांगतात, ते आम्हाला मान्य नाही. गिरण्यांच्या जमिनीचा भाव कापडाहून चढला होता, हे त्या गोष्टीत सांगायचे राहून जाते. १९९१ च्या नियमावलीत या जमिनींचे तीन वाटे ठरले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम फिरला, आणि वाटे सबंध जमिनीचे न होता फक्त रिकाम्या तुकड्याचे झाले. बाकीच्यावर मनोरे चढले, दुकानांचे महाल उभे राहिले.

अशाच एका महालाच्या दाराशी आम्ही गेलो. आत जुन्या गिरणीची चिमणी राखून ठेवलेली आहे, ती दाखवायची होती. आमच्या पिशव्यांत मोर्च्याचे झेंडे. दारावरच्या रखवालदाराने पिशव्या उघडायला लावल्या, झेंडे पाहिले आणि आत सोडायला नकार दिला. त्याचा दोष नव्हे. बारा तासांची पाळी, ठेकेदाराची नोकरी. आठ तासांसाठी जी वस्ती लढली, तिच्याच उंबरठ्यावर हा माणूस बारा तास उभा. आम्ही दोघे-दोघे करून, झेंडे बाहेरच्याजवळ ठेवून, आत गेलो. चिमणी पाहिली. तिच्यावर किती माणसे येथे काम करीत होती, कोणत्या साली काय झाले, याची एक ओळ आम्हाला कोठे दिसली नाही. तिच्या बुंध्याशी लोक उभे राहून आपली छायाचित्रे काढीत होते.

कोपनहेगनचे संग्रहालय आम्हाला आठवले ते तेथे. मात्र त्या शहराला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. १९१० साली जगभरच्या समाजवादी स्त्रियांची परिषद त्या शहरातल्या ज्या लोकभवनात भरली आणि जेथे क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाची सूचना मांडली, ती इमारत २००७ साली पोलीस बंदोबस्तात पाडून टाकली गेली. लोक रस्त्यावर उतरले तरीही. म्हणजे एक घर जपले, दुसरे पाडले. आमचे म्हणणे इतकेच की त्यांच्यापाशी दाखवायला एक तरी खोली आहे. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे होऊन गेली. ती खोली आम्हाला आपल्या पोरांना दाखवायची आहे, तिकीट काढूनसुद्धा.

आणि यवतमाळमध्ये तरी काय? आपल्या गावातले जुने जिन, प्रेसची ती उंच कौलारू घरे, एकेक करून भूखंड होत आहेत. कोणी नवखा पाहुणा आला तर त्याला आपण कळंबचा चिंतामणी दाखवतो, टिपेश्वरचा वाघ दाखवतो, दाखवावाच. ज्या आवारात गाठी दाबल्या जात, तेथे कोणी कोणाला नेत नाही. मुंबईला नावे ठेवताना आमची जीभ थोडी अडखळते ती त्यामुळे.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर. सकाळी साडेआठ ते अकरा लोकलमध्ये चढू नये. चढलात तर उतरायच्या आधीच्या स्टेशनावर दाराकडे सरकावे. लालबागला चिवड्याची गल्ली आहे, घरी न्यायला बरा. आणि हार्बरच्या गाडीने जात असाल तर एका स्टेशनावर खिडकीतून मान बाहेर न काढता पाटी वाचा : कॉटन ग्रीन. एकेकाळी मुंबईत कापसाच्या गाठी उघड्या मैदानावर रचीत, त्या मैदानाचे हे नाव. कापसाचा बाजार एका जागेहून दुसऱ्या जागी हलत गेला आणि नाव बरोबर घेऊन गेला. उतरण्याची गरज नाही, पाटी वाचली तरी पुरे.

त्या रात्री गाडीत सगळे एकत्र आलो. स्त्रियांनी पदराला वाळू बांधून आणली होती, आणि सरकीवाल्या बाईंनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून आणला होता. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला दाखवायला. चार दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाटली कोनाड्यात होती. म्हातारीने बोट बुडवून चव घेतली होती म्हणे. आम्हाला पाहताच ती म्हणाली, "भाऊ, इतलं खारट पानी! मंग त्याच्या काठी इतली मानसं जातात कायले?" आम्ही म्हटले, कामाला. ती म्हणाली, "मंग बराबर हाय." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.